सळई नसलेली रायफल

आर्वीच्या दत्तोपंत देवपुजारी यांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत एकही बंदूक हातात धरली नव्हती. तरीसुद्धा टेक्सासपासून फिनलंडपर्यंतचे लोक जुनी जर्मन रायफल विकत घेण्याआधी तिचे फोटो दत्तोपंतांना पाठवायचे, आणि त्यांचा होकार आल्याशिवाय व्यवहार पक्का करायचे नाहीत.

हे जमलं ते कानशीमुळे. दत्तोपंत एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर शिकवत होते. मुलांनी लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून चौकोनी करायचा आणि सरांनी तो व्हर्नियर लावून तपासायचा, हे त्यांचं आयुष्य. कानशीचे ओरखडे पाहून ते सांगायचे, हा ठोकळा कोणी घासलाय, किती कंटाळून घासलाय आणि शेवटच्या कोपऱ्याला मित्राची मदत घेतली आहे की नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला कोणी काही देईना. मग त्यांनी घरातल्या बिजागऱ्या तपासल्या, कुकरची शिट्टी तपासली, शेजाऱ्यांचं फाटक तपासून त्यांना त्यातले सात दोष लेखी दिले. शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं तेव्हा त्यांच्या पत्नीनं, मीराताईंनी, त्यांना नवा मोबाइल आणून दिला आणि म्हटलं, "जगात पुष्कळ लोखंड आहे. गल्लीतलं सोडा."

मोबाइलवर दत्तोपंतांना ती मंडळी सापडली. एका रायफलीचा स्क्रू मूळचा आहे की नंतरचा, यावर जगभरातली चाळीस माणसं भांडत होती. दत्तोपंतांनी फोटो मोठा करून पाहिला आणि आपल्या इंग्रजीत लिहिलं की, हा स्क्रू लेथवर बोथट हत्यारानं, घाईत काढलेला आहे. करणारा कारागीर जाणता आहे, पण त्याला झोप मिळालेली नाही. मंडळी गप्प झाली. महिन्याभरात दत्तोपंत त्यांचे सर झाले.

त्यांचा जीव जडला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांतल्या रायफलींवर. सुरुवातीच्या त्यांना आवडायच्या नाहीत. "पहिल्या नंबराच्या मुलाचा जॉब," ते म्हणायचे. "गुळगुळीत. त्यात तपासायचं काय?" पण शेवटी शेवटी जर्मनांकडे ना पोलाद उरलं, ना माणसं, ना वेळ. दर महिन्याला कारखान्यानं एकेक काम गाळलं. नळीखाली खोचलेली, नळी साफ करायची सळई गाळली. संगीन अडकवायची कडी गाळली. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यातली लोखंडी चकती गाळली. नळी लाकडाला धरणारं कडं स्प्रिंगऐवजी लाकडात मारायच्या साध्या स्क्रूनं बसवून दिलं. "शेवटची दहा मिनिटं उरल्यावर मुलं जे करतात तेच," दत्तोपंत म्हणायचे, आणि त्यांचे डोळे भरून यायचे.

स्वतःच्या घरी बंदूक आणायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांचे वडील जन्मभर खादी घालून दर शनिवारी पवनारच्या आश्रमात सूत घेऊन जायचे. त्यामुळे दत्तोपंतांचा संग्रह म्हणजे फोटो चिकटवलेली अकरा रजिस्टरं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मीराताई आष्टीकडच्या गव्हाणखेडी नावाच्या गावी गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर शाळेत शिकवलेल्या लीलाबाईंच्या नातवाचं बारसं होतं. दुपारी तिथून त्यांचा फोन आला.

"अहो, इथे एक जर्मन आहे."

सेवाग्राम बघायला आलेला कोणी पाहुणा चुकून तिकडे पोचला असेल, असं दत्तोपंतांना वाटलं. "मग चहा द्या त्याला," ते म्हणाले.

"माणूस नाही. तुमच्यातली. लीलाच्या शेजारी महादेवराव म्हणून आहेत, संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या बैठकीत काचेच्या पेटीत ठेवली आहे. आजोबांनी लढाईतून आणली म्हणतात. नळी बुजवून, आतली सुई काढून जिल्ह्याच्या कचेरीचा कागद केलेला आहे. फोटो पाठवते."

फोटो आला. त्यात महादेवरावांच्या पत्नी शोभाबाई नवं लुगडं नेसून हसत मधोमध उभ्या होत्या. त्यांच्या मागून एका बाजूला रायफलीच्या दस्त्याचं बूड दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला झेंडूचा एवढा मोठा हार, की त्याखाली रायफल आहे की ऊस, हे सांगता येत नव्हतं. पण बुडाचं लाकूड थराथराचं होतं, जर्मन रायफलींचं असतं तसं. दत्तोपंत खुर्चीतून उठले, परत बसले आणि त्यांनी महादेवरावांनाच फोन द्यायला सांगितलं.

"नमस्कार. नळीच्या खाली सळई आहे का हो? आणि पुढे संगीन अडकवायची कडी?"

दत्तोपंतांना मनातून उत्तर हवं होतं 'नाही'. पण महादेवरावांना हा प्रश्न तपासनीसाचा वाटला. मोटारसायकलला आरसा आहे का, लायसन आहे का, त्यातलाच.

"हाय जी," ते म्हणाले. "सगळं हाय. तुमी या त खरं."

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. सळई आहे म्हणजे आधीचीच, गुळगुळीत. तरी ते रविवारी, परत आलेल्या मीराताईंना बरोबर घेऊन, सकाळच्या एसटीनं निघाले. पिशवीत व्हर्नियर, भिंग, छोटी टॉर्च, कानशींचा संच आणि पांढरे सुती हातमोजे. वाटेत मीराताईंनी महादेवरावांची अडचण सांगितली. गावातून फौजेत गेलेल्या माणसांच्या नावांचा फलक ग्रामपंचायत सव्वीस जानेवारीला लावणार होती, आणि फलकाखालच्या कपाटात ही रायफल ठेवायची असं ठरत होतं. पण महादेवरावांचे भाऊबंद नानाजी यांनी लेखी हरकत घेतली होती. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. नानाजी गेली तीस वर्षं सांगत होते की, ही रायफल खोटी आहे, नाटक कंपनीतली आहे.

"मग तुमचा निकाल लागला की भांडण मिटेल," मीराताई म्हणाल्या.

"मी लोखंड तपासतो," दत्तोपंत म्हणाले. "भांडणं नाही."

गव्हाणखेडीला उतरले तेव्हा त्यांना वाटलं, गावात लग्न आहे. महादेवरावांच्या दारात मांडव, सतरंज्या, दीडशे माणसं आणि माइक. सरपंच सपनाताई, तिशीच्या, हातात कार्यक्रमाचा कागद घेऊन उभ्या होत्या. टेबलावर मखमली कापड आणि त्यावर हारासकट रायफल.

"आधी सत्कार, मंग तपासनी," सपनाताई म्हणाल्या.

"तपासणीआधी सत्कार कसा घेऊ? निकाल विरुद्ध गेला तर?"

"नारळ आनलेला हाय सर. परत नाई घेत तो."

शाल-नारळ झाला. मग महादेवरावांनी माइक हातात घेतला. साठीचा, गोल चेहऱ्याचा, भोळा माणूस. ही गोष्ट त्यांना तोंडपाठ होती.

"आमचे आजे हवालदार आबाजी. त्रेचायीस साली इटली देशात नदीच्या काठी, छाती इतक्या पान्यात, त्याइनं जर्मनाच्या हातून ही रायफल हिसकली. मंग पायाले गोळी लागली. चव्वेचायीसच्या पोयाच्या सनाले लंगडत घरी आले, पन रायफल सोडली नाई!"

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून एक आवाज आला. त्याला माइक लागत नव्हता. नानाजींनी अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती.

"रायफल त गंधानं भरलीय! दसऱ्याले आपटा वाहता अन् म्हंता जर्मनाची! तपासा जी तुमी!"

दत्तोपंतांनी हातमोजे चढवले. हार काढला. आणि जागच्या जागी थिजले.

नळीखाली सळई होती. पितळेची. तिच्या टोकाला छोटा नक्षीदार गोंडा होता. दत्तोपंतांनी भिंग लावलं, पण भिंगाची गरजच नव्हती. आर्वीत त्यांच्या स्वतःच्या खिडकीला असल्याच दोन सळया होत्या आणि त्यांवर निळे पडदे होते. पुढे नळीच्या टोकाशी संगिनीची कडी होती. ती सायकलच्या कॅरियरची निघाली, ताज्या वेल्डिंगनं चिकटवलेली. दस्त्याच्या मधोमध लोखंडी चकती होती. तिच्यावर कानशीनं घासूनही अर्धवट उरलेली अक्षरं वाचता येत होती. ते कुलपाचं झाकण होतं.

दत्तोपंतांनी व्हर्नियर खाली ठेवलं. लबाडी त्यांनी एकतीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती, पण इतकी वाईट नाही.

"ही सळई," ते माइकवर म्हणाले, "पडद्याची आहे. ही कडी सायकलची आहे. ही चकती कुलपाची आहे. तिन्ही भाग बनावट आहेत."

"बनावट!" नानाजी गरजले. "अवघ्या गावानं आयकलं! तीस वर्सं बोंबलून राह्यलो मी! नाटकातली! नाटकातली!"

महादेवरावांचा गोल चेहरा लांबुळका झाला. त्यांना खुर्चीत बसायचं होतं, पण खुर्ची दोन हात मागे होती, त्यामुळे ते सतरंजीवर बसले. दत्तोपंत शाल काढून घडी घालू लागले. तेवढ्यात शोभाबाई घरामागच्या चुलीपासून उठून आल्या. हातात झारा तसाच होता.

"म्या सांगतलं होतं का नाई?" त्या नवऱ्यावर कडाडल्या. "म्या सांगतलं होतं, लावू नोका त्या पडद्याचा दांडा! माहा पडदा खाली पडला! परवा रोजी वेल्डरवाल्याले घरी आनलं यानं. म्हने, सरांनी इचारलं सळई हाय का, कडी हाय का. नाई म्हनलं त नापास करतीन. मोबाइलवर पाहू पाहू सगळं लावलं!"

दत्तोपंतांच्या हातातली शाल अर्धवट घडीतच राहिली.

"परवा लावलं? त्याआधी काय होतं?"

"काईच नव्हतं जी."

"सळई नव्हती?"

"नाई."

"संगिनीची कडी?"

"नाई. माह्या लग्नापासून पुसून राह्यली मी तिले, मले नाई म्हाईत? नळीखाली नुसतं सपाट लाकूड होतं. भोकच नव्हतं सळईले, मंग यानं ड्रिल मारलं."

"ड्रिल मारलं!" दत्तोपंतांना दोन टोकांच्या भावना एकदम झाल्या. एकीनं त्यांच्या छातीत कळ आली आणि दुसरीनं ते हसू लागले. "भोक नव्हतं! शोभाबाई, हे माइकवर बोला. भोक नव्हतं!"

"भोक नव्हतं," शोभाबाई माइकवर म्हणाल्या, आणि गावानं काही न समजता टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचा पाऊण तास दत्तोपंतांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता. त्यांनी बाह्या सरसावल्या, पिशवीतून कानस काढली आणि गावासमक्ष महादेवरावांच्या सुधारणा एकेक करून उतरवल्या. पडद्याची सळई उपसून शोभाबाईंच्या हवाली केली. सायकलची कडी घासून पाडली. कुलपाचं झाकण निघालं तेव्हा खाली मूळचं, चकतीसाठी न कोरलेलं लाकूड दिसलं, फक्त गोंदाचा डाग पडलेला.

मग ते रायफल वाचू लागले. प्रत्येक दोष सापडला की ते माइककडे धावायचे.

"हे पहा! घोड्याभोवतीची पट्टी! कोरून केलेली नाही, पत्रा दाबून जोडलेली आहे! किती वाईट काम आहे!"

टाळ्या.

"हे कडं! स्प्रिंग नाही! बाजेच्या पायाला मारतात तसला स्क्रू आहे!"

"म्हंजे आमच्या गावच्या सुताराचा!" नानाजी ओरडले.

"नाही! तुमच्या गावचा सुतार इतकं वाईट काम करणार नाही!" दत्तोपंत म्हणाले. मांडवात बसलेला सुतार उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"आणि ही नळी. हात फिरवा. खरखरीत! लेथवरून काढली ती पॉलिश न करताच पाठवून दिली. नाटकासाठी कोणी खोटी रायफल केली असती तर गुळगुळीत केली असती. इतका गबाळेपणा फक्त खऱ्याच कारखान्यात होतो, तोही छतावर बॉम्ब पडत असताना. हा बाजूचा गरुडाचा शिक्का. अर्धाच उमटलाय, वाकडा मारलाय. मारणाऱ्याचा हात थकला होता हो." त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. "मंडळी, मी आजवर सातशे रायफली फोटोंत पाहिल्या. इतकी बिघडलेली, इतकी अपुरी आणि इतकी अस्सल एकही नव्हती."

महादेवराव सतरंजीवरून उठले. त्यांनी दत्तोपंतांना मिठी मारली, मग शोभाबाईंनाही मिठी मारायला गेले तर त्यांनी झारा आडवा धरला. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. नानाजी मान खाली घालून चपला शोधू लागले.

"आता फक्त साल पाहतो," दत्तोपंत म्हणाले. "नळी जिथे बसते तिथे असतं."

त्या जागी शेंदराचा जाड थर होता. दत्तोपंतांनी तो नखानं सोडवला, ओल्या फडक्यानं पुसला आणि टॉर्च लावली. खाली तीन छोटी अक्षरं होती आणि पुढे आकडा.

"पंचेचाळीस!" ते आनंदानं म्हणाले. "एकोणीसशे पंचेचाळीस! लढाईचं अखेरचं वर्ष! मंडळी, याहून उशिराची रायफल असूच शकत नाही!"

या खेपेला टाळ्या झाल्या नाहीत. दीडशे माणसं मनातल्या मनात वजाबाकी करत होती. सपनाताईंची वजाबाकी आधी झाली.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "आबाजीबाबा त चव्वेचायीसच्या पोयाले घरी आलते."

चपला शोधणारे नानाजी एका पायात चप्पल घालून वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पहाट झाली.

"अन् माहा आजा," ते म्हणाले, "उकंडराव. आबाजीचा लहाना भाऊ. तो शेहेचायीस साली आलता इटलीतून. फौजेत डायवर होता." ते सतरंजीवरून वाट काढत पुढे आले. "तवा दोघं भाऊ एकाच घरात राहत. मंग वाटनी झाली, मधात भित उठली, अन् रायफल ज्या भितीवर टांगलती ते भित गेली आबाजीकडं. मंडळी! ही रायफल अस्सल हाय! शंभर टक्के अस्सल! माह्या आज्याची हाय!"

"काय बोलता नानाजी!" महादेवराव ओरडले. "आतापरेंत नाटकातली म्हनत होते ना?"

"कोन म्हने? सर म्हंतात अस्सल हाय! सरांच्या शब्दाबाहीर मी नाई!"

महादेवरावांनी माइक हिसकावला. "मंडळी, ही रायफल खोटी हाय! या स्क्रूकडं पाहा, बाजेचा हाय! शिक्का वाकडा हाय! सर, तुमी पुन्हा पाहा, मले वाटते ते त्रेचायीसच असंल!"

"पंचेचाळीस आहे," दत्तोपंत म्हणाले.

"पाचाच्या जागी तीन नाई होऊ शकत?"

"मी एकतीस वर्षं परीक्षा घेतल्या," दत्तोपंत ताठ होऊन म्हणाले. "एकाचाही पाचाचा तीन केला नाही, आणि तिनाचा पाचही नाही. रायफल अस्सल आहे. साल पंचेचाळीस आहे. ती गावात कोणी आणली, हे तिच्यावर लिहिलेलं नाही, म्हणून ते मी सांगणार नाही."

मग जे सुरू झालं त्याला सपनाताईंच्या कागदावर जागा नव्हती. नानाजी गळ्यातला गमछा काढून रायफलीला घालू लागले. महादेवराव तो काढून फेकू लागले. तीस वर्षं रायफलीच्या बाजूनं असलेली माणसं आता तिच्या विरुद्ध बोलत होती आणि विरुद्ध असलेली तिला हात लावून नमस्कार करत होती. दोघंही मधूनमधून दत्तोपंतांना साक्षीला ओढत होते. त्यांच्या खांद्यावरची शाल एकदा इकडे गेली, एकदा तिकडे. मीराताई कडेला खुर्चीवर बसून संत्रं सोलत होत्या.

"अहो मीरा, काहीतरी करा!" दत्तोपंत ओरडले. घाईत ते बायकोलाच अहो म्हणाले.

"मी गणित शिकवायचे," मीराताई म्हणाल्या. "इतिहास दुसऱ्या बाईंकडे होता."

शेवटी शोभाबाईंनी झारा सपनाताईंच्या हातात दिला, टेबलापाशी गेल्या आणि रायफल लहान मूल उचलावं तशी कडेवर घेतली. दोघं पुरुष त्यांच्या मागे धावले, पण शोभाबाईंनी घरात शिरून दाराला आतून कडी घातली. खिडकीतून त्यांचा आवाज आला.

"आबाजीची असो का उकंडरावाची. धूय कोन झाडली हिची? अडतीस वर्सं दर दसऱ्याले कोन पुसली? हे दोघं त बोटही लावत नोहते. सपना, लिहून घे. रायफल पंचायतीले मी देऊन राह्यली. फलकावर दोघा भावाईचं नाव पायजे, सारख्या अक्षरात. कपाटाची चाबी माह्यापाशी राहीन. कबूल असंल त मंगच दार उघडीन. अन् तोवर भाजी जळून राह्यली ते कोनीतरी पाहा."

भाजी सपनाताईंनी पाहिली. दार अर्ध्या तासानं उघडलं.

पंगत बसली तेव्हा महादेवरावांनी पानावरच्या वांग्याच्या भाजीला हात लावला नाही. दत्तोपंत शेजारीच होते. आपण या माणसाची लहानपणापासूनची गोष्ट मोडली, हे त्यांच्या आत्ता कुठे ध्यानात येत होतं. लोखंडात इतकी माणसं गुंतलेली असतात हे फोटोंत कधी दिसलं नव्हतं.

"महादेवराव," ते म्हणाले, "तुमचे आजोबा इटलीत लढले आणि पायात गोळी घेऊन आले, हे खरंच आहे ना?"

"हो जी. गोयीचा वन म्या डोयानं पाह्यला. लहानपनी बोट घालून पाहत होतो त्यात."

"मग त्याला रायफलीचा पुरावा कशाला हवा?"

महादेवरावांनी भाकरीचा एक तुकडा मोडला. तेवढ्यात पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून नानाजी उठून आले आणि त्यांच्या बाजूला मांडी घालून बसले. आवाज शक्य तेवढा लहान करून ते म्हणाले, तरी तो फाटकापर्यंत गेला.

"महाद्या, एक गोष्ट ध्यानात आली. तीस वर्सं मी या रायफलीले नाटकातली म्हनलं. आता ते माह्या आज्याची निंगाली. म्हंजे तीस वर्सं मीच माह्या आज्याले नाटकातला केलतं का नाई?"

महादेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण ओठ ऐकेनात. आधी एक घास नाकात गेला, मग ठसका, मग दोघंही असे हसले की वाढणाऱ्या बाईनं वरणाची बादली खाली ठेवली.

"माहा आजा बोलतच नोहता," नानाजी डोळे पुसत म्हणाले. "कुठून आनली, कशी आनली, कोनी इचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई. आबाजीबाबा त रोज पारावर बसून सांगत. आयकायले मजा ये."

"मले सगळं आबाजीबाबांनीच सांगतलं होतं," महादेवराव म्हणाले. "छाती इतकं पानी अन् सगळं."

"पानी राहू दे. पानी चांगलं हाय."

संध्याकाळच्या एसटीला दोघांनी मिळून दत्तोपंत आणि मीराताईंना पोचवलं आणि संत्र्यांची गोणी टपावर चढवली. घरी आल्यावर दत्तोपंतांनी सत्तावीस फोटो मंडळींना पाठवले. ड्रिल मारलेलं भोक पाहून टेक्सासचा एक गृहस्थ दोन दिवस कोणाशी बोलला नाही. बाकीच्यांनी रायफल अस्सल मानली.

सव्वीस जानेवारीला दत्तोपंत पुन्हा गव्हाणखेडीला गेले, या वेळी मीराताईंच्याच आग्रहानं. झेंडावंदन झालं. पंचायतीच्या ओसरीत फलक लागला होता. हवालदार आबाजी आणि शिपाई उकंडराव, सारख्या अक्षरात. सपनाताईंनी पट्टीनं मोजून घेतली होती. फलकाखाली कपाटात रायफल होती, हार नव्हता, भोवती शाळेची मुलं वह्या-पेनं घेऊन उभी होती. नानाजी त्यांना सांगत होते.

"पंचेचायीस साल. उकंडराव ट्रक घेऊन चाल्ला. चहूकडं बरफ! अन् मधात नदी..."

"एप्रिल होता," महादेवराव बाजूनं म्हणाले. "बरफ नसते एप्रिलमधी. नदी ठेव, छाती इतकं पानी ठेव. बरफ काढ."

"बरं, बरफ नाई. त नदीच्या त्या काठाले जर्मन उभे!"

"किती जर्मन होते जी?" एका मुलीनं विचारलं.

"सात," नानाजी म्हणाले.

"नऊ," त्याच क्षणी महादेवराव म्हणाले.

दोघं बाजूला गेले, कपाटाआड थोडा वेळ कुजबुज झाली, आणि परत येऊन दोघांनी एका सुरात आठ सांगितले. मुलांनी आठ लिहून घेतले.